ऑटोफॅजीच्या चार अँटीबॉडींचा संच: बँड सुरेख, माहितीपत्रक घातक

पेशी स्वतःचाच कचरा पचवते, ती ऑटोफॅजी. ती तपासायचा हा संच मी गेले आठ महिने वापरते आहे. डब्यात चार प्राथमिक अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटणारे रेणू, येतात. प्रत्येकीचं नाव तिच्या प्रथिनावरून: एलसी३बी, पी६२, बेक्लिन-१ आणि एटीजी५. जेलमध्ये प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करायची, मेम्ब्रेन नावाच्या पातळ पापुद्र्यावर उतरवायची आणि अँटीबॉडी लावायची, की त्या प्रथिनाची पट्टी म्हणजे बँड दिसतो. हाच ब्लॉट. सोबत एक घडीचं माहितीपत्रक असतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. असे संच बरेच जण विकतात आणि मी सांगते आहे ते कुठल्याही संचाला लावून बघता येईल.

आधी एलसी३बी, कारण सगळा संच तिच्यासाठीच घ्यायचा. पेशीत मोकळं फिरणारं रूप म्हणजे एलसी३-एक. पेशी स्वतःचाच कचरा पिशवीत भरून लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या पचनकोठीकडे, धाडायला लागली, की या प्रथिनाला मेदाचा एक रेणू जोडला जातो आणि ते त्या पिशवीच्या पटलात रुतून बसतं. ते एलसी३-दोन. दुसरं खरं तर जड, पण जेलवर तेच पुढे पळतं. पहिलं १६ आणि दुसरं १४ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास, म्हणजे दोघांत जेमतेम नखभर अंतर. पुष्कळ अँटीबॉडी तिथे एकच जाड डाग देतात. हिने १५ टक्क्यांच्या जेलवर दोन वेगळ्या, कडा धारदार असलेल्या पट्ट्या दिल्या. मेम्ब्रेन मात्र ०.२ मायक्रॉन छिद्रांची, पीव्हीडीएफ प्लास्टिकचीच घ्या. ०.४५ वर एवढी लहान प्रथिनं आरपार निघून जातात. आणि सॅम्पल पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नका, एलसी३-एक त्यात टिकत नाही.

एटीजी५ पण चांगली निघाली. डीयू१४५ या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींमध्ये हे प्रथिन नसतं, म्हणून त्यांचं सॅम्पल मी शेजारच्या लेनमध्ये, म्हणजे जेलच्या शेजारच्या रांगेत, लावलं. ती लेन स्वच्छ कोरी आली. अँटीबॉडीची खात्री करायला याहून सोपी परीक्षा नाही. फक्त बँड ३२ किलोडाल्टनवर शोधत बसू नका. पेशीत हे प्रथिन बहुतेक एटीजी१२ या दुसऱ्या प्रथिनाला कायमचं चिकटलेलं असतं, त्यामुळे ते ५५ च्या आसपास दिसतं. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीने ही अँटीबॉडी खराब म्हणून बाजूला काढून ठेवली होती. माहितीपत्रकात एक ओळ असती तर तिचे चार दिवस वाचले असते.

बेक्लिन-१ ने निराश केलं. बँड फिका, पार्श्वभूमी मळकट, रात्रभर ठेवूनही तेच. या प्रथिनाचा इतिहास मोठा आहे: १९९९ मध्ये शास्त्रज्ञ बेथ लेव्हाइन यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींत ते परत घातल्यावर गाठी वाढायच्या मंदावल्या आणि ऑटोफॅजीचा कर्करोगाशी थेट संबंध जुळला. पण त्याचं जनुक बीआरसीए१ या स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकाच्या अगदी शेजारी बसतं, त्यामुळे गाठीत ते हरवलेलं दिसलं तर दोष नक्की कुणाचा, हा वाद पुढे उभा राहिला. अशा प्रथिनाला तर स्पष्ट बँड देणारी अँटीबॉडीच हवी.

आता माहितीपत्रक. त्यात एक तक्ता आहे आणि पहिलीच ओळ अशी: एलसी३-दोन वाढलं म्हणजे ऑटोफॅजी वाढली. या ओळीने माझे सहा आठवडे खाल्ले.

मी एसएच-एसवाय५वाय पेशींवर एक नवं संयुग तपासत होते. पार्किन्सन्सच्या अभ्यासात या पेशी चेतापेशींच्या जागी सर्रास वापरतात, खरं तर त्या न्यूरोब्लास्टोमाच्या, म्हणजे कर्करोगाच्याच. संयुग दिल्यावर एलसी३-दोनची पट्टी काळीभोर झाली. मी सरांना सांगितलं, की चिकटलेल्या प्रथिनांचे गोळे साफ करायला हे उपयोगी पडेल. पुढचे सगळे प्रयोग त्या समजुतीवर आखले. मग पी६२ चा ब्लॉट लावला, तर तोही वाढलेला. पी६२ हे कचऱ्याला धरून पिशवीत नेणारं प्रथिन. ते कचऱ्याबरोबर स्वतःही संपतं, म्हणून सफाई नीट चालू असेल तर ते उतरायला हवं.

मोरीत पाणी साचलेलं दिसलं, तर नळ मोठा सोडलाय की मोरी तुंबलीय हे नुसतं पाण्याकडे बघून कळत नाही. त्यासाठी लायसोसोम मुद्दाम बंद करून बघावं लागतं. मी लायसोसोम बंद करणारं बॅफिलोमायसिन देऊन चार लेन लावल्या. एकट्या बॅफिलोमायसिनमध्ये जेवढं एलसी३-दोन, संयुग जोडल्यावरही तेवढंच. म्हणजे संयुग नळ सोडत नव्हतं, मोरी तुंबवत होतं.

चेतापेशीला हे विषासारखं आहे. ती विभागत नाही, त्यामुळे कचरा वाटून हलकी होत नाही. २००६ मध्ये उंदरांच्या चेतापेशींतून ऑटोफॅजीला लागणारं एटीजी५ किंवा एटीजी७ काढलं, तेव्हा कुठलंही बिघडलेलं प्रथिन बाहेरून न घालताही मेंदूत गोळे साठले आणि हालचाली बिघडल्या. तेच संयुग स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर मात्र मोलाचं ठरू शकतं. त्या पेशी जगायला ऑटोफॅजीवरच टेकलेल्या असतात, म्हणून तर लायसोसोम अडवणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाच्या चाचण्या झाल्या. एकाच काळ्या पट्टीचा एका रुग्णासाठी एक अर्थ, दुसऱ्यासाठी नेमका उलटा. एवढ्या जबाबदारीच्या गोष्टीला तक्त्यातली एक ओळ पुरत नाही. संचात बॅफिलोमायसिनची एखादी छोटी कुपी द्यावी आणि ती ओळ काढून टाकावी, असं मी कंपनीला सविस्तर लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

पाचापैकी साडेतीन देईन. एलसी३बी आणि पी६२ सुटी मिळत असतील तर तेवढ्याच घ्या. उंदराच्या मेंदूचं सॅम्पल असेल तर एलसी३-एकच ठळक येईल आणि दुसरी पट्टी जेमतेम. तिथे अँटीबॉडीला दोष देऊ नका, मेंदूत ते तसंच असतं. माझा दुसरा लॉट पहिल्यापेक्षा बराच तीव्र निघाला, तेव्हा जुन्या लॉटचं थोडं शिल्लक ठेवा आणि नवा आला की दोन्ही एकाच सॅम्पलवर लावून बघा.