सरकारी रुग्णालयाच्या प्रमुखपदी डॉक्टर नेमावा की प्रशासक?

मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रमुखासमोर रोज येणाऱ्या फायलींमध्ये उपचारांविषयीच्या मोजक्याच असतात. बाकी सगळ्या निविदा, रिक्त पदं, थकलेली बिलं आणि बंद पडलेल्या लिफ्टच्या. त्यामुळे बिगरवैद्यकीय प्रशासकाची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. ब्रिटनमध्ये १९८३ साली सुपरमार्केटच्या धंद्यातले रॉय ग्रिफिथ्स यांनी सरकारी आरोग्यसेवेची पाहणी केली. सगळे निर्णय समितीच्या सहमतीने होतात आणि जबाबदार कोण ते सापडत नाही, असं त्यांनी लिहिलं. त्यानंतर तिथे जनरल मॅनेजर आले.

डॉक्टर किंवा परिचारिका प्रमुखपदी असण्याचा फायदा दिसतो तो खरेदीत. हातमोज्यांचंच घ्या. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते, कागदावर बचत दिसते. वॉर्डात तेच मोजे चढवताना मनगटाशी फाटतात, एका ड्रेसिंगला दोन जोड्या जातात आणि महिन्याचा साठा तिसऱ्या आठवड्यात संपतो. वॉर्डात काम केलेला माणूस दराची पाकिटं उघडण्याआधीच नमुने वापरून बघायला लावतो. प्रशासकालाही हे शिकवता येतं, पण बहुतेकदा एकदा हात पोळल्यावरच.

डॉक्टर प्रमुख फसतो तो वेगळ्या ठिकाणी. यंत्र येतं, पण देखभालीचा करार आणि तंत्रज्ञाचं पद मंजूर करून घ्यायचं राहून जातं. स्वतःच्या विभागाला झुकतं माप मिळतं. ओपीडी सुटत नाही आणि फायली साचतात. सगळ्यांत घातक म्हणजे सहकाऱ्याला पाठीशी घालणं. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरातल्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांतल्या मृत्यूंबद्दल इशारे मिळूनही प्रमुखांनी हालचाल केली नाही, आणि ते स्वतः डॉक्टर होते. १९९८ मध्ये त्यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. याला दुसरी बाजूही आहे: ते डॉक्टर होते म्हणूनच ही कारवाई होऊ शकली. बिगरवैद्यकीय प्रशासकाकडे काढून घ्यायला नोंदणीच नसते.

डॉक्टरांच्या बाजूने २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासाचा हवाला हमखास दिला जातो. नामांकित रुग्णालयांत डॉक्टर प्रमुख असलेल्यांचे गुणवत्तेचे गुण सुमारे २५ टक्के जास्त निघाले. पण हा नुसता सहसंबंध आहे. चांगली रुग्णालयंच डॉक्टरांना प्रमुख करत असतील, ही शक्यता त्यातून खोडली जात नाही. शिवाय ती सगळी आधीच वरच्या रांगेतली होती. औषधांचा तुटवडा असलेल्या जिल्हा पातळीच्या रुग्णालयाला तो आकडा लावण्यात अर्थ नाही.

आमचा कल असा: अधिकार असलेला, गरज पडली तर शस्त्रक्रिया थांबवू शकणारा वैद्यकीय संचालक हाताशी असेल, तर चांगला प्रशासक बिनदिक्कत नेमावा. छोट्या रुग्णालयात ती दुसरी खुर्ची नसते. तिथे वैद्यकीय पार्श्वभूमीचाच माणूस घ्यावा, मात्र ओपीडी सोडण्याची लेखी अट घालून आणि पक्का लेखाधिकारी जोडीला देऊन. परिचारिकांचे अर्जही बाजूला टाकू नयेत. खाटा कुठे अडतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

मुलाखतीत पदव्या विचारत बसू नये. एका महिन्याचा तक्ता पुढे ठेवावा: भरलेल्या खाटा, रद्द झालेल्या शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, संपलेली औषधं. अर्धा तास द्यावा आणि पहिले तीन फोन कुणाला कराल, ते विचारावं.