दुसरं मूल असतं तर बाबा वाचले असते?

बाबांची आयुष्यभराची ठेव गेली, तेव्हा नात्यात दोन निकाल लागले. पहिला: "एवढा शिकलेला माणूस फसलाच कसा?" दुसरा, जरा हलक्या आवाजात: "एकाच मुलीवर थांबले ना, म्हणून ही वेळ आली." दोन्ही वाक्यं बाबांच्या कानावर गेली आणि तेव्हापासून ते या विषयावर तोंडच उघडत नाहीत. म्हणून मी लिहितेय.

फोन दूरसंचार खात्याच्या नावानं आला. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हे झालेत, क्राइम ब्रँचला जोडून देतो. मग व्हिडिओ कॉल. खाकी वर्दी, मागे पोलिसांचं बोधचिन्ह, टेबलावर फायली. मनी लाँडरिंगमध्ये तुमचं खातं सापडलंय, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात. व्हॉट्सॲपवर सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का असलेला कागद आला. त्यावर बाबांचं नाव, पत्ता, आधार क्रमांक सगळं बरोबर. आणि हुकूम: खोलीचं दार लावून घ्या, कॅमेरा बंद करू नका, कोणाला सांगू नका.

आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात. दार लावायचीही गरज नव्हती.

तरी ते लगेच बधले नव्हते. वकिलाशी बोलतो म्हणाले. तेव्हा त्या माणसानं माझं नाव घेतलं, मी कुठल्या शहरात राहते, कुठे नोकरी करते तेही सांगितलं. सहआरोपी म्हणून मुलीला आज रात्रीच उचलू. तिथे बाबा कोसळले. "मला माझी भीती नव्हती गं," एवढंच ते नंतर मला म्हणाले.

एफडी मोडताना बँकेतल्या बाईंनी विचारलं होतं, काका, एवढी रक्कम कशाला? उत्तर आधीच पढवून ठेवलेलं: मुलीला फ्लॅट घेतोय. पैसे म्हणे 'रिझर्व्ह बँकेच्या पडताळणीसाठी', तपास संपला की परत. आरटीजीएसने गेले आणि तिथून भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून पुढे पांगले.

शिक्षणाचा इथे काही संबंध नाही. हा सापळा लोभी माणसासाठी नसतोच, कायद्याला मानणाऱ्या माणसासाठी असतो. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. अटक झाली तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. म्हणजे "घरी सांगू नका" म्हणणारा पोलीस नाही, हे तिथल्या तिथे ओळखता येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही याबद्दल सावध केलं होतं. बाबांनी ते ऐकलेलं होतं. पण मुलीचं नाव निघालं की ऐकलेलं आठवत नाही.

आता एका मुलीचं. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, ३.४ होता, २०१९-२१ मध्ये तो २.० वर आला. महाराष्ट्रात तर १.७. लहान घर हा आमचा वेगळेपणा नाही, तुमच्या जिन्यातली बहुतेक घरं तशीच असतील. माझ्या आत्याला तीन मुलं, तिघंही परगावी. तीही दुपारी एकटीच असते. आई-बाबांनी विचार करून माझ्यावर थांबायचं ठरवलं आणि जे होतं ते सगळं मला दिलं. त्या निर्णयाला आज दोष देणं म्हणजे चोराचं पाप गेलेल्या आईच्या माथी मारणं आहे. मला हे सहन होत नाही.

एवढं मात्र खरं, की भरलेल्या घरात कोणीतरी सहज डोकावलं असतं, "कोणाचा फोन आहे?" म्हणून विचारलं असतं. आता ते माणूस ठरवून ठेवावं लागतं. शेजारच्या काकूंकडे आम्ही घराची किल्ली दिलीय. मोठी रक्कम हलवायची तर आधी मला किंवा काकूंना सांगायचं, आणि माझ्या अटकेची, अपघाताची बातमी कोणीही दिली तर फोन तोडून आधी मलाच लावायचा. हे तुमच्या घरीही आजच बोलून घ्या. आईवडिलांना तुमच्याबद्दल काय सांगून घाबरवलं जाईल, तेही त्यांना आधीच सांगा.

बाबा लाजेपोटी गप्प राहिले आणि तो वेळ महागात पडला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर लवकर तक्रार गेली तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते. आमची थोडीशीच सापडली, बाकी तोवर काढून घेतलेली होती. तुमच्याकडे कोणी असं काही सांगत आलं तर त्यांना प्रश्न विचारत बसू नका. आधी १९३० लावा, बँकेच्या संदेशातला व्यवहाराचा यूटीआर क्रमांक सांगा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवा. फोनमधले कॉल, चॅट, तो खोटा कागद यांतलं काहीही पुसू देऊ नका. भीतीनं माणूस आधी तेच पुसतो.