इंग्लंडच्या फोनिक्स चेकचे जुने संच: इयर वनचं पूर्ण वर्ष घरी वापरल्यानंतरचा अनुभव

फोनिक्स चेक म्हणजे इयर वनच्या (पाच-सहा वर्षांच्या) मुलांना अक्षरांचे ध्वनी जोडून शब्द वाचता येतात का, याची इंग्लंडच्या शाळांत जूनमध्ये होणारी तपासणी. तिचे शिक्षण खात्याने काढलेले जुने संच सरकारी संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. सप्टेंबर ते जून घरी वापरल्यानंतरचं मत आधीच सांगते: मूल नेमकं कुठे अडतंय हे शोधायला याहून चांगलं साधन नाही, पण रोजच्या सरावाला हे संच अजिबात वापरू नका.

संचात मुलाने वाचायचे ४० शब्द, उत्तरपत्रिका आणि गुण देण्याच्या सूचना असतात. २० शब्द खरे, २० बनावट, म्हणजे अर्थ नसलेले. बनावट शब्दाशेजारी एलियनचं चित्र असतं, म्हणून मुलं त्यांना ‘एलियन वर्ड्स’ म्हणतात. पहिल्या भागात १२ बनावट आणि ८ खरे, दुसऱ्यात ८ बनावट आणि १२ खरे, एका पानावर चार. २०१२ पासून किमान गुणांची रेषा ३२ वर आहे. त्या पहिल्या वर्षी ५८ टक्के मुलं तिच्यापर्यंत पोचली होती, २०२४ मध्ये ८० टक्के. जी राहतात त्यांची तपासणी इयर टूमध्ये पुन्हा होते.

रोजच्या सरावाला नको म्हणण्याचं कारण साधं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मुलाला शब्द चित्रासकट पाठ होतात, गुण वाढतात आणि वाचन होतं तिथेच राहतं. पूर्ण संच नाताळनंतर एक, ईस्टरच्या सुट्टीत एक आणि मेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत एक, असे तीनच पुरे. दर वेळी वेगळ्या वर्षाचा घ्या. प्रिंट काळीपांढरी चालते.

मराठी घरांना एक मोठी सोय आहे, ती जरूर वापरा. उत्तरपत्रिकेवर नुसती बरोबर-चूक खूण करू नका, मूल जे बोललं ते कानाला आलं तसं देवनागरीत लिहा. ‘स्टॉप’ला ‘टॉप’ म्हटलं किंवा ‘गेम’ला ‘गॅमे’, हे कागदावर राहिलं की चुकांचे गट आपोआप दिसू लागतात. मात्र एका संचात एखादी अक्षरजोडी बहुधा एकदा किंवा दोनदाच येते. म्हणून आय-जी-एच एकदा चुकलं तर लगेच निष्कर्ष काढू नका. तीच जोडी असलेले पाच वेगळे शब्द दुसऱ्या दिवशी वाचायला द्या, मग ठरवा.

‘टॉप’सारखी चूक बहुतेक वेळा अक्षरओळखीची नसते. शेवटच्या ध्वनीपर्यंत पोचेस्तोवर पहिला निसटलेला असतो. चारही ध्वनी सुटे म्हणून शेवटी जोडण्याऐवजी वाटेतच जोडत जायचं: स्ट्, मग स्टॉ, मग स्टॉप. सुरुवात स्, म्, फ्, न्, ल् या लांबवता येणाऱ्या ध्वनींच्या शब्दांनी करा. प्, ट्, क् लांबवता येत नाहीत, ते नंतर.

इथे आपल्या सवयीचा अडथळा येतो. आपण ‘म’ म्हणतो तेव्हा त्यात ‘अ’ असतोच. आजी-आजोबांनी व्हिडिओ कॉलवर प्रेमाने ‘क-ॲ-ट’ करून घेतलं की मुलाच्या कानावर ‘कअ-ॲ-टअ’ पडतं आणि जोडणी बिघडते. ध्वनी पाय मोडून म्हणा: क्, ॲ, ट्. अक्षराचं नाव, म्हणजे एस किंवा एम, जोडताना वापरू नका. व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना एकच ‘व’ हीसुद्धा आपलीच सवय. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठ गोल. उच्चाराच्या ढबीसाठी गुण कापायचे नाहीत असं सूचनांत स्पष्ट आहे, तरी ध्वनी वेगळे ऐकू आले तर पुढे स्पेलिंगला फार मदत होते.

‘गॅमे’चा उपाय वेगळा. अक्षर दिसलं की उच्चारायचं, ही देवनागरीत योग्य असलेली सवय शब्दाच्या शेवटी लिहिलेल्या पण न उच्चारायच्या ‘ई’ला अडते. ‘गेम’खालून ‘ए’पासून ‘ई’पर्यंत एक कमान काढा आणि जोड्या वाचून घ्या: हॅट-हेट, पिन-पाइन, हॉप-होप, कट-क्यूट. दुसऱ्या भागात बरेच गुण इथे आणि दोन तुकड्यांत उच्चारल्या जाणाऱ्या (‘रॉ-केट’सारख्या) शब्दांत जातात. त्या शब्दांचा अर्धा भाग बोटाने झाकून आधी एक तुकडा वाचू द्या.

बनावट शब्दांत अडखळणारी मुलं पुष्कळदा चांगली वाचणारी असतात. २०१२ च्या संचात एस-टी-आर-ओ-एम असा शब्द होता. घाईत त्याचं ‘स्टॉर्म’ होतं. खरे आणि बनावट शब्द मिसळून कधी देऊ नका, आणि ‘हा एलियनचा आहे’ हे आधी सांगा, शाळेतही सांगतात. रोजचे तीन-चार बनावट शब्द चुंबकी अक्षरांनी घरीच बनतात, फक्त इंग्रजीचे नियम पाळा: सी-के ही जोडी सुरुवातीला येत नाही, ‘जे’ हे अक्षर शेवटी येत नाही. हे न पाहता बनवलेले तक्ते इंटरनेटवर बरेच फिरतात.

गुण देताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. अनेक प्रयत्न केले तर शेवटचा धरायचा, आणि ध्वनी सुटे बरोबर म्हणून शब्द जोडलाच नाही तर गुण नाही. बनावट शब्दात ओ-डब्ल्यू ‘काऊ’सारखं वाचा किंवा ‘स्नो’सारखं, दोन्ही चालतं, खऱ्या शब्दात खराच उच्चार हवा. सूचनांची पुस्तिका शिक्षकांसाठी असल्याने जड आहे, पण तिच्यातला उच्चारांचा तक्ता प्रत्येक शब्दागणिक पाहण्यासारखा आहे.

कमतरता एकच, पण खरी: चूक सापडल्यावर पुढे काय करायचं हे संच सांगत नाहीत. ते काम शाळेतून येणाऱ्या ध्वनीनुसार लिहिलेल्या पुस्तकांचं आणि रोजच्या दहा मिनिटांचं. विकतचे महागडे सरावसंच घ्यायची गरज नाही. चेकच्या आठवड्यात नवा संच काढू नका, चुकलेल्या जोड्यांची पाच-सहा कार्डं आणि एक गोष्टीचं पुस्तक एवढंच हाताशी ठेवा.