सवलतीच्या डायमंडपायी गेलेले २८,२४८ रुपये

मी एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. बँकेचे उतारे आणि आमच्या नोंदी जुळवणे, एका रुपयाचा फरक आला तरी तो शोधून काढणे हे माझे रोजचे काम आहे, आणि म्हणूनच पुढचे सगळे लिहिताना मला अतिशय लाज वाटत आहे. तरीही लिहितो आहे, कारण मोबाइल खेळातले डायमंड (खेळातले चलन) स्वस्तात देतो म्हणून ज्याने मला फसवले, त्याच माणसाला आमच्या गिल्डमधल्या, म्हणजे खेळात एकत्र लढणाऱ्या गटातल्या, आणखी दोघांनी पैसे दिल्याचे मला नंतर कळले आणि ते दोघेही लाजेपोटी गप्प बसले होते.

मोबाइलवरचा तो रोल-प्लेइंग खेळ मी दोन वर्षे तीन महिने खेळत होतो. ज्याच्याकडे पैसे आहेत तोच वरच्या क्रमांकावर पोहोचतो, हे अशा खेळांत कोणालाच नवीन नाही. पाच ताऱ्यांचा नायक एका समनमध्ये (डायमंड खर्चून केलेल्या सोडतीसारख्या प्रयत्नात) मिळण्याची शक्यता ०.६ टक्के असते, हमी मिळते ती ९० समननंतर, आणि नव्या नायकाचे बॅनर, म्हणजे तो मिळवण्याची ठरावीक मुदतीची संधी, तीन आठवड्यांत बंद होते. कंपनीच्या अधिकृत दुकानातून मी तोवर ३७,४२० रुपयांची खरेदी केली होती. ते पैसे माझ्या कमाईचे होते, त्यासाठी मी कोणाकडून उसने घेतले नव्हते की घरखर्चाला हात लावला नव्हता. माणसे क्रिकेटच्या तिकिटांवर, सहलींवर, हॉटेलांवर खर्च करतात, तसा माझा हा एक खर्च होता.

गिल्डच्या टेलिग्राम गटात हा माणूस ऑगस्टमध्ये आला. तो शुद्ध मराठीत लिहायचा, गिल्डच्या लढाईला वेळेवर हजर असायचा, नवख्यांना संघ कसा लावावा हे समजावून सांगायचा. सगळे त्याला दादा म्हणत, मीही म्हणत असे. अधिकृत दरापेक्षा तीस-पस्तीस टक्के कमी दराने तो टॉप-अप करून, म्हणजे खात्यात डायमंड भरून, देत असे. मी पहिल्यांदा ४९९ रुपये पाठवले आणि वीस मिनिटांत डायमंड जमा झाले. मग १,२९९ आणि नंतर २,८०० रुपये पाठवले, तेव्हाही डायमंड वेळेवर आले. तीन वेळा माल चोख मिळाल्यावर चौथ्या वेळी संशय घ्यायला हवा होता, हे आज म्हणणे सोपे आहे. त्या तिन्ही वेळी त्याने फक्त माझा खेळाडू क्रमांक मागितला होता, हे मात्र नीट लक्षात ठेवा. टॉप-अपला तेवढाच क्रमांक लागतो. पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा माणूस टॉप-अप करणारा नसतो.

१८ ऑक्टोबर २०२५ रोजी धनत्रयोदशी होती. बोनस हातात आला होता, आणि मला हव्या असलेल्या धनुर्धारी नायिकेचे बॅनर त्याच रात्री दीड वाजता संपणार होते, कारण आमच्या सर्व्हरचा दिवस आपल्याकडच्या दीड वाजता बदलतो. दादाने सांगितले की २२,००० रुपयांचे डायमंड तो १४,००० रुपयांत देईल, पण एवढ्या मोठ्या ऑर्डरसाठी त्याला खात्यात लॉगिन करावे लागेल. त्याचे शब्द होते, "दादा, तुम्ही आपल्या गिल्डचे. तुमच्याकडून मी नफा घेणार आहे का?"

साडेबारा वाजून गेले होते. घरात सगळे झोपले होते आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन केला. पडद्यावर १४,००० ही रक्कम आली आणि तिच्या वर घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव आले. ते नाव एका पिठाच्या गिरणीचे होते. मी ते वाचले. नजरचूक झाली असे म्हणण्याची सोयही मला नाही, कारण मी पेमेंट थांबवून त्याला विचारले, की हे गिरणीचे खाते कोणाचे? त्याने क्षणात उत्तर दिले, की ते काकांचे खाते आहे, त्याच्या स्वतःच्या खात्याची आजची मर्यादा संपली आहे. कार्यालयात एखाद्या पुरवठादाराच्या बिलावर एक नाव आणि बँक खात्यावर दुसरे नाव असले, तर मी ते बिल पुढे सरकू देत नाही. पाच हजारांचे असले तरी परत पाठवतो. आणि त्या रात्री, घड्याळात बारा पन्नास झालेले पाहत, मी पिन टाकला. गेल्या कित्येक रात्री मला तोच पडदा दिसतो आहे.

मग ओटीपी दिला. पाच मिनिटांनी त्याने कळवले, की ऑर्डर सर्व्हरवर अडकली आहे, ती सोडवायला ५,७५० रुपये लागतील आणि ते परत मिळतील. मी पाठवले. त्यानंतर पडताळणीच्या नावाखाली ३,९०० रुपये घेतले. १४,००० अडकले असताना आणखी थोडे देऊन ते सुटतील असे वाटते, आणि या लोकांचा सगळा धंदा त्या वाटण्यावर चालतो. 'परत मिळणारे शुल्क' हे शब्द ऐकताच व्यवहार तिथेच तोडा. दीडच्या सुमारास मी खात्यातून बाहेर फेकला गेलो आणि खात्याला जोडलेला ईमेल बदलला. नंतर उघडकीला आले, की आधीच्या तिन्ही वेळचे डायमंड त्याने खरेदी करून, मला पोहोचवून, मागाहून परतावा मागून घेतलेला होता. त्यामुळे माझ्या खात्यावर डायमंडची उणे शिल्लक दिसू लागली. म्हणजे ते ४,५९८ रुपयेही गेले, आणि वरचे २३,६५० मिळून २८,२४८ झाले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर मी सकाळी साडेनऊला फोन केला. रात्रीच करायला हवा होता. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात ते पहिल्या काही तासांतच, हे मला माहीत होते, पण पत्नीला उठवून काय सांगू, याच विचारात आठ तास गेले. तुम्ही लाज नंतर बाळगा, आधी फोन करा, आणि यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक समोर ठेवा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली तेव्हा गिरणीच्या खात्यात फक्त ३,१४० रुपये उरलेले होते. ते गोठवले गेले आहेत आणि ते सोडवण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणावा, असे मला सांगण्यात आले. तीन हजारांसाठी वकील करायचा का, याचे उत्तर कोणीच देत नाही.

पोलीस ठाण्यात मला जे ऐकावे लागले, त्याचा राग अजून शमलेला नाही. ठाणे अंमलदाराने पहिला प्रश्न विचारला, की पैशांचे गेम तर सरकारने बंद केले, मग तुम्ही खेळत कसे होता? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांविरुद्ध आहे, माझ्या खेळात एक पैसाही जिंकता येत नाही, आणि त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षाही नाही, हे मी उभ्याउभ्या समजावत होतो आणि शेजारच्या बाकावरची माणसे माझ्याकडे पाहत होती. मग सांगितले, की गिरणी दुसऱ्या राज्यातली आहे, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी हे म्हणताच, "तुम्ही वकील आहात का?" असा प्रश्न आला. चार फेऱ्यांनंतर हातात पडला तो साध्या अर्जावरचा पोच शिक्का. भारतीय न्याय संहितेतले फसवणुकीचे कलम ३१८, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ड, यांतले एकही कलम कुठे लागलेले नाही. मी चोरी करून गेलो होतो की माझी चोरी झाली होती, असा प्रश्न पडावा अशी ती वागणूक होती.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर बँकेत गेलो, तर तिथे एकच वाक्य मिळाले, की पिन तुम्हीच टाकला आहे. ग्राहकाच्या मर्यादित जबाबदारीविषयी रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होते, हे मला कळते. पण एका गिरणीच्या खात्यात मध्यरात्री अनोळखी माणसांकडून रकमा येतात आणि लगेच बाहेर जातात, हे त्या खात्याच्या बँकेला दिसू नये का? खेळाच्या कंपनीने तीन वेळा तेच इंग्रजी उत्तर पाठवले. पहिल्या खरेदीची पावती मागितली, ती मी दिली. प्ले स्टोअरवरच्या सगळ्या खरेद्यांचे ऑर्डर क्रमांक दिले. त्यावर उत्तर आले, की लॉगिन दुसऱ्याला दिल्यामुळे नियमभंग झाला आहे आणि खाते परत देता येणार नाही. ३७,४२० रुपये घेताना त्यांना मी कोण आहे हे पक्के ठाऊक होते.

टेलिग्रामवरचा तो गट आता वेगळ्या नावाने चालतो आहे. गटातले संदेश त्याने पुसले, पण मी क्यूआर कोड आणि संभाषणाची छायाचित्रे रात्रीच घेऊन ठेवली होती. दुसऱ्या दोघांपैकी एकाने ६,२०० रुपये त्याच गिरणीच्या खात्यात भरले आहेत. आम्ही दोघे सोमवारी आयुक्तालयातल्या सायबर पोलीस ठाण्यात एकत्र जाणार आहोत. पिठाच्या गिरणीच्या नावाने पैसे ज्यांनी कोणी पाठवले असतील, त्यांनी आपल्या व्यवहाराचा क्रमांक घेऊन पोर्टलवर स्वतःची वेगळी तक्रार नोंदवावी आणि तिच्यात आमच्याप्रमाणे त्या खात्याचा उल्लेख करावा.