लष्कराचा जुना माल विकायचाय: लॉट घ्यावा, व्यापाऱ्याकडून उचलावा, की सोलापुरातच शिवून घ्यावा?

मामेभावाचा मुलगा गेल्या महिन्यात आला आणि माझ्या टेबलावर एक कांबळं टाकून बसला. मातकट हिरवं, डांबरगोळ्यांचा वास, एका कोपऱ्यात पुसट झालेला शिक्का. "काका, पुण्यात असली चारशे मिळतायत. एकशे ऐंशीला एक. गड्ड्याच्या जत्रेआधी उचलली तर थंडीत हातोहात जातील." सोबत पावतीही होती: 'मिलि. माल, ४०० नग, रोख.' विकणाऱ्याचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही.

मी सोलापुरात नव्या पेठेतल्या दहा-बारा दुकानांची जीएसटी रिटर्न भरतो, त्यामुळे कांबळ्याआधी नजर पावतीवर गेली. लष्कराचा जुना माल विकणं हा गुन्हा नाही. तो लष्कराने स्वतः विकला की कुणी डेपोच्या मागच्या दाराने काढला, हे कागदावर दाखवता येतं का, सगळी भानगड तिथेच आहे. पोराला मिलिटरी मालाचं दुकान टाकायचंय, आणि त्या हिशेबाने त्याच्यापुढच्या तिन्ही वाटा फार वेगळ्या आहेत: लिलावातला लॉट, म्हणजे एकगठ्ठा माल, थेट घेणं; असा लॉट उचललेल्या व्यापाऱ्याकडून घेणं; किंवा इथेच शिवून घेणं.

थेट लिलावातला लॉट

एमएसटीसी ही १९६४ साली सुरू झालेली कोलकात्याची सरकारी कंपनी. संरक्षण खात्याचा निकामी आणि शिल्लक माल तिच्या ऑनलाइन लिलावांतून विकला जातो. खरेदीदार म्हणून नोंदणी करायची, अनामत भरायची, बोली लावायची. ऐकायला सोपं आहे, पण माल मिळतो 'जिथे आहे, जसा आहे' या अटीवर. अर्धी कांबळी कसरीने खाल्लेली निघाली तरी तक्रार चालत नाही. म्हणून कॅटलॉगात दिलेल्या पाहणीच्या दिवशी स्वतः जाऊन गठ्ठे उलटेपालटे करून बघावेत. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर आहे. एका दिवसाचा खाडा, पण तो वाचवू नये.

सर्वांत मोठी बोली आपली असली तरी ती मंजुरीच्या अधीन राहू शकते. मंजूर झाली की पैसे भरायचे, डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल ताब्यात द्यायचा लेखी आदेश, घ्यायची आणि मुदतीत माल उचलायचा. उशीर झाला की जागाभाडं चढतं. शिवाय लॉट अख्खाच घ्यावा लागतो. तंबू हवे असतील आणि त्याच लॉटमध्ये मोडक्या लोखंडी खाटा असतील, तर त्याही तुमच्याच. त्या शेवटी भंगारात जातात. हे आधीच हिशेबात धरा.

याच्या बदल्यात हातात येते ती सलग कागदांची साखळी: बोली, पैशांची नोंद, डिलिव्हरी ऑर्डर, गेटपास. उद्या कोणी दुकानात येऊन विचारलं तर फाइल पुढे करायची.

कराचं थोडं समजून घ्या, कारण इथेच नवखे अडकतात. केंद्र सरकारकडून जुना, वापरलेला माल जीएसटी नोंदणी असलेल्याने घेतला, तर रिव्हर्स चार्जने कर खरेदीदारच भरतो. ऑक्टोबर २०१७ पासून हे असंच आहे. पुढे दोन पर्याय. भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घ्या आणि विक्रीच्या पूर्ण किमतीवर कर लावा. किंवा क्रेडिट सोडा आणि जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे फक्त मार्जिनवर कर भरा. एकशे ऐंशीचं कांबळं दोनशे साठला गेलं, तर कर ऐंशी रुपयांवर. मात्र माल आहे तसा, फार तर धुऊन-रफू करून विकला पाहिजे. कांबळ्याच्या बॅगा शिवल्या की ही सवलत संपली. राज्यातल्या राज्यात माल एक लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतं; परराज्यातून, समजा सिकंदराबादहून आणलात तर पन्नास हजारांच्या वरच लागतं.

लॉट उचललेल्या व्यापाऱ्याकडून

भांडवल कमी, माल निवडून घेता येतो, पन्नास नगही मिळतात. सुरुवात करणाऱ्याला हीच वाट सोयीची, हे मी मान्य करतो. पण पक्कं बिल आणि मूळ डिलिव्हरी ऑर्डरची प्रत मिळत असेल तरच.

का, ते सांगतो. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम २७ साधं आहे: विकणारा मालाचा मालकच नसेल, तर एरवी घेणाराही मालक होत नाही. तुम्ही पूर्ण पैसे मोजले असले तरी माल जप्त होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. माल चोरीचा आहे असं मानायला कारण असूनही अप्रामाणिकपणे घेतला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. चोरीच्या मालाचा नेहमीचाच धंदा असल्याचं ठरलं तर शिक्षा दहा वर्षं, अगदी जन्मठेपेपर्यंत जाते. शिक्का असलेला माल, निम्मा भाव, रोख व्यवहार, बिनानावाची पावती: 'कारण नव्हतं' असं मग कुणाला पटवणार?

लष्कराच्या कँटीनचा, जवानांना सवलतीत मिळणारा माल असेच व्यापारी 'मिलिटरीचा' म्हणून खपवतात. तो शिल्लक माल नव्हेच, आणि दारूच्या बाटल्या असतील तर दारूबंदी कायदाही मागे लागतो. त्या वाटेला जाऊच नका.

सोलापुरातच शिवलेला मिलिटरी पॅटर्न

आपलं गाव शाळांचे गणवेश शिवतं. कापड, कारागीर, मशिनं सगळं इथेच आहे. कार्गो पँट, जाकीट, टोप्या हव्या त्या मापात मिळतात, परत मागवता येतात आणि माल आला कुठून हा प्रश्नच उरत नाही.

इथे धोका नकलेचा आहे. लष्कराचा नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ ला आला आणि त्याचं डिझाइन लष्कराने आपल्या नावे नोंदवून घेतलं आहे. डिझाइन कायद्यात संरक्षण दहा वर्षांचं असतं, पुढे पाच वर्षं वाढतं. नक्कल केली तर दर उल्लंघनाला पंचवीस हजारांपर्यंत वसुली होऊ शकते, किंवा नुकसानभरपाईचा दावा आणि मनाई हुकूम. तेव्हा छाप आपला वेगळा काढावा. सिंहमुद्रेची बटणं, हुद्द्याच्या फिती तर अजिबात नकोत. राजमुद्रेसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. आणि नव्या मालावर 'अस्सल आर्मी सरप्लस' असं लेबल लावणं ही ग्राहकाची सरळ फसवणूक.

कोणता माल, हेही पाहा

कांबळी, तंबू, मेस टिन (जवानांचे जेवणाचे डबे), पाण्याच्या बाटल्या यांत डोकेदुखी कमी. खरा गणवेश मात्र मी ठेवणार नाही. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तो घालणं न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद. विक्रेता त्यात थेट येत नसला, तरी २०१५ चा दीनानगर आणि २०१६ चा पठाणकोट हल्ला गणवेशातल्या अतिरेक्यांनी केला होता. तेव्हापासून यंत्रणा या मालाकडे कशी बघत असेल, ते सांगायला नको. काही जिल्ह्यांत विक्रीवर मनाईचे आदेशही निघाले आहेत.

जीपचा मोह अनेकांना होतो. लष्कराच्या सेवेतून निघालेली गाडी आरटीओत नोंदवल्याशिवाय रस्त्यावर काढता येत नाही, आणि तिचा हिरवा रंगही जातो: केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. रंगच गेला तर निम्मी हौस तिथेच गेली.

वायरलेस सेटला परवाना लागतो. काडतुसं, तोफगोळ्यांचे तुकडे, 'रिकामी' म्हणून येणारी पितळी टरफलं यांना हात लावू नका. पुलगावजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा निकामी करताना झालेल्या स्फोटात सहा जण गेले. पितळाच्या भावाने तो धोका अंगावर घ्यायचा नसतो.

पुतण्याला मी सांगितलं: दुकानाचा कणा इथे शिवलेल्या मालाचा ठेव, जुन्या मालाचा एक कोपरा कर, आणि तो पक्क्या बिलावरच भर. लॉटच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नकोस. दोन-तीन जण भागीत मिळाले की मग बघू. त्याने पुण्याला फोन लावून डिलिव्हरी ऑर्डरची प्रत मागितली. "परवा पाठवतो," समोरचा म्हणाला. त्याला तीन आठवडे झाले. कांबळं अजून माझ्या ऑफिसातल्या खुर्चीवर पडलंय.