पर्यावरणाचे निकष लावून निवडलेलं छत: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

इमारतीवरचा जुना पत्रा गंजून ठिकठिकाणी गळायला लागला, तेव्हा नवं छत निवडताना पर्यावरणाचे निकष आधी कागदावर मांडायचे असा मी आग्रह धरला. शेवटी फिकट रंगाचा प्री-कोटेड (कारखान्यातच रंगाचा थर दिलेला) स्टीलचा पत्रा आणि त्याखाली रॉकवूल, म्हणजे दगडापासून काढलेल्या तंतूंचं उष्णतारोधक अस्तर, बसवलं. चिकटवलेलं काही नाही, सगळं स्क्रूवर. आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही झालेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी उष्णता. विक्रेते एसआरआयचा (सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्स) आकडा पुढे करतात. ऊन किती परावर्तित होतं आणि तापलेला पृष्ठभाग उष्णता किती सहज बाहेर टाकतो, हे दोन्ही त्यात धरलेलं असतं. प्रमाणित काळ्या पृष्ठभागाला ०, पांढऱ्याला १००. पण माहितीपत्रकात ठळक छापलेला आकडा कोऱ्या पत्र्याचा असतो. मागून घ्यायचा तो तीन वर्षं उघड्यावर राहिलेल्या नमुन्याचा. 'लीड' या हरित इमारतींच्या प्रमाणन पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत कमी उताराच्या छताला नवेपणी ८२ आणि तीन वर्षांनी ६४ एसआरआय लागतो, यावरूनच धूळ किती खाते ते कळतं. आमच्या पत्र्यावर कोरड्या दिवसांत बोट फिरवलं की स्वच्छ रेघ उठायची. पावसाने बहुतेक भाग धुऊन निघाला, पन्हळीजवळचा सपाट पट्टा मात्र करडाच राहिला. तिथे ब्रश मारावा लागतो. तरीही वरच्या मजल्यावर दुपारी जाणवणारा फरक मोठा आहे. याचं निम्मं श्रेय मी रॉकवूलला देईन. थंड प्रदेशात तर नुसता पांढरा रंग हिवाळ्यातलं हवंसं ऊनही परत पाठवतो, इन्सुलेशन दोन्ही ऋतूंत कामाला येतं.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित निकष म्हणजे छत उतरवताना काय होणार. स्टील पुन्हा पुन्हा वितळवता येतं, पण पत्रा आणि फोम एकमेकांना चिकटवलेलं सँडविच पॅनेल वेगळं करणं जिकिरीचं. शिवाय काही फोम फुगवायला वापरलेले एचएफसी वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त तापमानवाढ करतात. स्क्रूवरच्या छतात खराब झालेला एकच पत्रा काढून बदलता येतो, हा फायदा आम्हाला मिळालाही. एका पत्र्याला वाहतुकीत पोचा आला होता, तो बाकीच्याला हात न लावता बदलला.

हिरव्या छताचा विचार मनापासून केला होता. पण १० सेंटिमीटर मातीचा थर भिजला की दर चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातो. आमचा सांगाडा त्यासाठी मजबूत करायचा तर इतकं स्टील आणि काँक्रीट ओतावं लागलं असतं की उद्देशच मागे पडला असता.

पाण्याचा हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पहिल्या सरीचं पाणी सोडून देतो, बाकीचं टाकीत. रंगाचा थर असल्याने उघड्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासारखं जस्त पाण्यात उतरण्याची धास्तीही कमी.

तक्रारी दोन. मुसळधार पावसात कडेच्या खोल्यांत आवाज येतो, कारण तिथे रॉकवूलचा थर पातळ आहे. आणि पुरवठादाराने त्या उत्पादनाचं ईपीडी (पर्यावरणावरच्या परिणामांचे आकडे देणारं जाहीरपत्र) द्यायचं कबूल करून हाती दिली ती संपूर्ण उद्योगाची सरासरी. तुम्ही निवडत असाल तर ऑर्डरच्या आधीच तो कागद मागा आणि त्यावर उत्पादनाचं आणि कारखान्याचं नाव आहे का, ते बघा.