चाकाचा कंपास: इंदूरच्या खजुरी बाजारातून आणलेली २६० रुपयांची पेटी

नात सातवीत आहे. "आजोबा, माझं जुळतच नाही, मला भूमिती येत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य, आणि "लक्ष दे जरा" हे माझं. सगळी नोकरी ड्रॉइंग बोर्डावर वाकून केलेल्या माणसाने तिचा कंपास एकदा हातात घेऊन बघायला काय हरकत होती? मी बघितला तो दिवाळीनंतर. (इथे शाळेत त्याला हिंदीत परकार म्हणतात आणि कोनमापकाला चांदा. आमच्या रामबागेतल्या पोरांना दोन्ही शब्द येतात.)

सांधा इतका ढिला, की पेन्सिल टेकवली की पाय फाकलेच. ५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि तेवढंच अंतर परिघावर सहा वेळा टाकायचं; सहावी खूण सुरुवातीच्या बिंदूवरच यायला हवी. वर्तुळ काढल्यावर पाय १ मिलिमीटर जरी फाकले, तरी सहावी खूण जवळजवळ ७ मिलिमीटर पुढे जाते. पोरगी खोडून खोडून कागदाला भोकं पाडत होती आणि दोष स्वतःला देत होती.

दुकानदार म्हणाला, "अंकल, बच्ची के लिए साठ वाला ले जाओ, गुमा देगी." मी चाकवाला घेतला. मधलं चाक फिरवल्याशिवाय याचे पाय हलत नाहीत. तिथेच पावतीच्या मागे सहा खुणा टाकून बघितल्या. मागची गिऱ्हाइकं कुरकुरली, पण षटकोन जुळला.

घरी नातीचा पहिला षटकोन २ मिलिमीटरने हुकला. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "थांबा, सुई सरकली माझी. परत काढते." तिसऱ्या खेपेला जुळला. मग बाईसाहेबांनी न सांगता आणखी चार काढले, एक तर दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीत.

बाकी पेटी यथातथाच. झाकणाची कडी आठवड्यात गेली, आता वर हेअरबँड असतो. कोनमापकाचे अंक पुसट आणि दोन ओळी इतक्या चिकटून, की १२० च्या जागी ६० वाचलं जातं. आधी कोन काटकोनापेक्षा मोठा की लहान ते डोळ्यांनी ठरव, मग अंक बघ, असं तिला सांगितलंय. प्रमेयांचं पान मात्र ती अजून पटकन उलटते.

धाकट्या नातवासाठी हाच कंपास आणणार आहे. कोनमापक वेगळा घेईन.